लोखंडाला भुतं का घाबरतात? आणि नाल नक्की कशी ठोकायची?

जागरण | मंगळवार, पहाटे ३:३५

मंडळी, तीन आठवड्यांपूर्वी घरात मुलगी आली. तेव्हापासून आयडीला जागतोय.

परवा रात्री दुपटं बदलताना गादीखाली हात गेला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. ओढून काढलं तर अडकित्ता! आजीच्या वेळचा, पातं गंजून तांबूस झालेलं, एका मुठीला काळा दोरा गुंडाळलेला. घरात कुणी अडकित्ता वापरल्याला वीस वर्षं तरी झाली असतील. काम आईचं, हे सांगायला नकोच. बायको म्हणते, बाळाच्या अंगाखाली धारदार वस्तू एक मिनिटही नको. आई म्हणते, सव्वा महिना होईपर्यंत हलवायचा नाही. तूर्तास तो माझ्या उशीखाली आहे आणि मी त्याच्यावर झोपतो. ('झोपतो' शब्दशः घेऊ नये.)

दोन प्रश्न आहेत. एक, हे लोखंडच का? सोनं, चांदी, तांबं सोडून भुताखेतांना नेमकं लोखंडाचंच काय वावडं? दोन, आमच्या दारावर जुनी नाल आहे, टोकं खाली. येणारा प्रत्येक जण 'उलटी लावलीय, नशीब सांडतंय' म्हणून जातो. सुलटी कुठली?

सर्व पंथांच्या लोकांनी लिहावं. फक्त आईला शहाणपण शिकवू नका. ते काम माझं आहे आणि मलाच जमत नाहीये.

टवाळ | मंगळवार, सकाळी ८:०२

मी पहिला!
पहाटे साडेतीनला डोळे तारवटून घरभर फिरणारी आकृती म्हणजे भूत तुम्हीच. अडकित्ता उशीखाली घेऊनही तुम्ही पळाला नाहीत, म्हणजे उपाय चालत नाही. धागा संपला.

गोधडी | मंगळवार, सकाळी ९:१५

अभिनंदन हो! लेकीला आशीर्वाद.

आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा असायचा. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात कट्यार देतात तीही त्यातलीच. हळद लागली, बाळ झालं, माणूस गेला, अशा वेळी लोखंड जवळ ठेवायचं. माणूस धड इकडचा नसतो, धड तिकडचा नसतो, तेव्हा त्याला बाधा लवकर होते असं सासूबाई सांगायच्या. माझे वडील रात्री खळ्यावर निघाले की कोयता घेऊन जायचे. विचारलं तर म्हणायचे, जनावरासाठी. आई मागून हळूच म्हणायची, 'जनावरासाठी आणि बाकीच्यांसाठी.'

तुमच्या आईला दुखवू नका. अडकित्ता गादीखालून काढून पाळण्याच्या खाली जमिनीवर ठेवा.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ११:४०

यात गूढ काय आहे? लोखंड म्हणजे हत्यार. हातात हत्यार असलं की भीती कमी होते. भीती कमी झाली की भूत दिसत नाही. इतकं सरळ आहे.

धातुपुराण | मंगळवार, दुपारी १:२५

@शंकेखोर, इतकं सरळ असतं तर काशाच्या तलवारीलाही भुतं घाबरली असती. काशाची हत्यारं माणसाने हजारो वर्षं वापरली, पण हा मान मिळाला लोखंडाला. धातूंच्या भट्टीशेजारी आयुष्य गेलंय, म्हणून थोडं लांबण लावतो.

माणसाच्या हाताला आलेलं पहिलं लोखंड खाणीतलं नव्हतं, ते आभाळातून पडलेलं होतं. इजिप्तमध्ये गेर्झे इथल्या थडग्यांत १९११ साली लोखंडाचे नऊ छोटे मणी सापडले, साधारण इ.स.पू. ३२०० चे. ते उल्केच्या लोखंडाचे आहेत हे २०१३ मध्ये पक्कं झालं. तुतनखामेनच्या ममीच्या गुंडाळ्यांत १९२५ मध्ये जो खंजीर मिळाला, त्याच्या पात्यात सुमारे ११ टक्के निकेल आहे. २०१६ मध्ये क्ष-किरणांनी तपासलं. निकेलचं एवढं प्रमाण म्हणजे उल्काच. जुन्या इजिप्शियन भाषेत लोखंडाला 'आकाशातला धातू' अशा अर्थाचा शब्दच होता. कुराणातही लोखंड 'खाली पाठवलं' असं म्हटलंय आणि त्या अध्यायाचं नावच लोखंडावरून आहे. जो धातू डोळ्यांदेखत वरून कोसळतो त्याला लोक साधा समजतील का?

पुढे धातुकाचं लोखंड करायला लागले तेव्हाही त्याची जादू उतरली नाही. तांबं १०८५ अंशांना वितळतं, ओतलं की झालं. लोखंडाला १५३८ अंश लागतात, जुन्या भट्टीत तेवढी आच मिळायचीच नाही. त्यामुळे भट्टी फोडली की आतून निघायचा एक ओबडधोबड, भोकाभोकांचा, मळीने भरलेला गोळा. एखादा दगडच म्हणा. तो लालभडक असताना घणाखाली घेतला की मळी ठिणग्यांसकट उडते आणि उरतं ते लोखंड. मग कोळशात तापवून पाण्यात बुडवलं की चर्र आवाज होऊन तेच लोखंड एकदम कडक. का, ते बुडवणाऱ्याला माहीत नाही. कधी पातं होतं, कधी तडकतं. अशा कामात मंत्र शिरला नाही तरच नवल. मी तर गेज आणि तक्ते हाताशी असताना शिकलोय, तरी पहिल्या पाण्याच्या वेळी श्वास धरतोच.

म्हणून लोहाराकडेही जगभर भीतीनेच बघितलं गेलं. इथिओपियात लोहार रात्री तरस होतात आणि त्यांची नजर लागते अशी समजूत होती.

टवाळ | मंगळवार, दुपारी १:५१

वाखूसा (वाचनखूण साठवली).
आमचा सोसायटीचा वेल्डर तरस होत नाही, पण बोलावल्यावर आठ दिवस गायब होतो. त्याच जातकुळीतलं असावं.

वाचनवेडी | मंगळवार, रात्री ९:३०

@जागरण, तुमच्या आईला भरपूर सोबत आहे, दोन हजार वर्षांची.

थोरला प्लिनी (रोमन लेखक, हाच तो, व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ.स. ७९ मध्ये गेलेला) लोखंडाच्या प्रकरणात लिहून ठेवतो की मोठ्या माणसाभोवती किंवा तान्ह्या बाळाभोवती लोखंडाने वर्तुळ काढलं तर विषारी करणीपासून रक्षण होतं. आणि थडग्यातून उपटलेले खिळे उंबऱ्यात ठोकले तर रात्रीचे भास थांबतात. बाळ, उंबरा, लोखंड. तुमच्या धाग्यातलं सगळं साहित्य आलं.

स्कॉटलंड-आयर्लंडकडे पाळण्यात कात्री उघडी ठेवायचे, म्हणजे लोखंडही झालं आणि क्रूसही झाला. भीती भुतांची नव्हती, पऱ्यांची होती. पऱ्या म्हणजे पंखवाल्या गोडुल्या नव्हेत हं, बाळ पळवून त्याजागी आपलं किरकिरं पोर ठेवणारी जमात. वेल्समधल्या गोष्टींत परी माणसाशी लग्न करते, अट एकच: मला लोखंड लागता कामा नये. मग एक दिवस नवरा घोड्याला लगाम घालायला जातो, लगामाची कडी चुकून तिला लागते, की ती गेली तळ्यात.

अरबांमध्ये जिनांचं तेच. एडवर्ड लेनने १८३६ मध्ये छापलेल्या इजिप्तच्या वर्णनात आहे, की वावटळ अंगावर आली की लोक 'लोखंड, अरे अभाग्या!' असं ओरडायचे. कारण वावटळीवर जिन बसलेला असतो. म्हणजे लोखंड हातात असायलाही नको, नुसतं नाव पुरे.

आणि इटलीत दृष्ट लागू नये म्हणून आजही लोखंडाला हात लावतात, इंग्रज लाकडाला लावतात तसा.

उलटतपासणी | बुधवार, सकाळी १०:१०

वर सगळे 'लोखंड म्हणजे भूतरोधक' असं धरून चाललेत. मला उलटं दिसतं. लोखंड देवांनाही चालत नाही!

यहुद्यांच्या धर्मग्रंथात वेदीच्या दगडांना लोखंडी हत्यार लावू नका अशी आज्ञा आहे. सॉलोमनचं मंदिर बांधताना तिथे हातोडा, कुऱ्हाड, कुठल्याच लोखंडी अवजाराचा आवाज झाला नाही असं वर्णन आहे. त्यांच्या नंतरच्या आचार्यांनी कारणही दिलंय: वेदी माणसाचं आयुष्य वाढवते, लोखंड ते कमी करतं. रोमचा सर्वांत जुना पूल लोखंडाचा एक खिळाही न वापरता लाकडाचा ठेवला होता. ज्युपिटरच्या मुख्य पुजाऱ्याची हजामत काशाच्या वस्तऱ्यानेच व्हायची. अर्व्हाल नावाच्या पुरोहितांच्या देवराईत दगडावर कोरायला लोखंडी छिन्नी न्यावी लागली तर आधी प्रायश्चित्ताचा बळी, काम संपलं की परत बळी.

जुन्या धर्मसमजुतींचा अभ्यास करणाऱ्या जेम्स फ्रेझरचं म्हणणं असं की लोखंड हा नवा धातू होता. देव जुने, त्यांच्या सवयी जुन्या. नवीन वस्तू त्यांना खपत नाही. आणि जे देवांना खपत नाही तेच मग नकोशा शक्तींना हाकलायला कामी येतं.

टवाळ | बुधवार, सकाळी १०:३३

थोडक्यात, देव आणि भूत दोघेही आमच्या आजोबांसारखे. नवीन वस्तू घरात आली की खोलीतून उठून जातात.

शंकेखोर | बुधवार, दुपारी १२:०५

@उलटतपासणी, आवडलं. मला वाटतं त्यात एक पदर अजून आहे. नांगरताना सापडणारी गारगोटीची जुनी बाणाग्रं ब्रिटनमधले शेतकरी 'पऱ्यांचे बाण' समजायचे. गुराला काही झालं की म्हणायचे, बाण लागला. ती बाणाग्रं अश्मयुगातली माणसांचीच. मग एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी गणित मांडलं: पऱ्या म्हणजे दगडी हत्यारवाली आधीची माणसं, आणि लोखंडाला त्यांची भीती म्हणजे हरलेल्यांची भीती. ऐकायला झकास आहे. पण मग जिन कुणाचे? ते तर बिनधुराच्या आगीचे. तिथे हे गणित बसत नाही. मी फ्रेझरच्याच बाजूने.

धातुपुराण | बुधवार, दुपारी १२:४०

फ्रेझरला एक तिरका प्रश्न. लोखंडाला तीन हजार वर्षं होऊन गेली. आता ते नवीन राहिलंय का? प्लॅस्टिकला का घाबरत नाहीत?

टवाळ | बुधवार, दुपारी १२:४४

प्लॅस्टिकला माणसं घाबरतात.

ग्रहगोंधळ | बुधवार, सायंकाळी ६:२०

एवढ्या प्रतिसादांत शनिमहाराजांचं नाव नाही? लोखंड हा शनीचा धातू. म्हणून शनिवारी लोखंड घरी आणत नाहीत, दान करतात. काळ्या घोड्याच्या पायातून आपोआप पडलेल्या नालेची अंगठी मधल्या बोटात घालतात. साडेसातीत मी स्वतः घातली होती. फरक पडला.

शंकेखोर | बुधवार, सायंकाळी ६:२८

साडेसाती साडेसात वर्षांनी संपली का?

ग्रहगोंधळ | बुधवार, सायंकाळी ६:३१

हो.

टवाळ | बुधवार, सायंकाळी ६:३२

हलके घ्या हो काका :)

वाचनवेडी | बुधवार, रात्री ८:५०

@ग्रहगोंधळ, इथे एक गंमत आहे. युरोपच्या किमयागारांकडे लोखंड शनीचं नाहीच, ते मंगळाचं. शनीला त्यांनी शिसं दिलंय. लोखंडाच्या तांबड्या भुकटीला त्यांच्याकडे 'मंगळाचं केशर' म्हणायचे. आपल्याकडे काळं, जड, संथ म्हणून ते शनीकडे गेलं. तिकडे रक्त, तलवार आणि युद्ध म्हणून मंगळाकडे. धातू तोच, खाती वेगळी.

आणि मंगळ तांबडा दिसतो तो खरंच त्याच्या मातीतल्या लोखंडाच्या गंजामुळे. किमयागारांचा नेम अंधारात लागला!

अवांतर: जगभरच्या किमयागारांना कुठल्याही हलक्या धातूचं सोनं चालायचं. आपल्या परिसाला मात्र लोखंडच लागतं. संतांनी तर परीस आणि लोखंडाची जोडी इतकी वापरली की लोखंड म्हणजे आपण सगळे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

खिळेठोक | गुरुवार, सकाळी ७:४५

इतका वेळ वाचत होतो. दुसऱ्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, म्हणून लिहितो. आजोबा नालबंद होते. मी सुतारकाम करतो.

प्रथम, तुमची नाल खरी आहे का बघा. भेटवस्तूंच्या दुकानांत ओतीव, काळा रंग मारलेली मिळते, ती कुठल्याही घोड्याने कधी पाहिलेली नसते. खरी नाल पुढच्या बाजूला, म्हणजे पंज्याला, झिजून पातळ होते. खिळ्यांची भोकं चौकोनी असतात आणि बहुतेक वेळा खिळ्यांची डोकी बसायला एक खाच असते. त्या खाचेत माती घट्ट बसलेली असते, ती सुईनेही निघत नाही. घोड्याला खिळा दुखत नाही, खुराच्या बाहेरच्या भिंतीला संवेदना नसते, आपल्या नखासारखंच ते. पण कोन चुकून खिळा आत वळला तर घोडा लंगडा. आजोबा खिळा मारताना घोड्याशी बोलायचे आणि कान मात्र हातोडीच्या आवाजाकडे. भिंतीत नीट चालला तर आवाज टणक येतो. मऊ आला की खिळा लगेच उपटायचे.

बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला दोन वेगळ्या पत्र्या मारतात. त्या दारावर लावलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. बिचाऱ्याने जन्मभर ओझी ओढली, पण नशिबाचं श्रेय घोड्याला.

आता दिशा. एक पक्ष म्हणतो टोकं वर, म्हणजे भाग्य वाडग्यासारखं साठतं. दुसरा म्हणतो टोकं खाली, म्हणजे येणाऱ्याच्या डोक्यावर ओतलं जातं. इंग्लंडात ओकहॅमच्या किल्ल्यात दोनशेहून जास्त नाला टांगल्यात. तिथे पहिल्यांदा येणाऱ्या उमरावाने एक नाल द्यायची असा रिवाज आहे. त्या सगळ्या टोकं खाली. त्यामुळे तुमची नाल 'उलटी' म्हणणाऱ्यांना हा किल्ला दाखवा.

तिकडची कथा संत डन्स्टनची आहे. हा कँटरबरीचा आर्चबिशप, ९८८ मध्ये वारला, लोहारकामही करायचा म्हणतात. सैतान त्याच्याकडे नाल ठोकून घ्यायला आला. याने ओळखलं आणि अशी ठोकली की सैतान कळवळला. दारावर नाल दिसेल त्या घरात शिरणार नाही असं वचन घेऊनच सोडला. गोष्ट ऐकून आजोबा म्हणाले होते, 'म्हणजे खिळा मांसात गेला. कच्चा नालबंद.'

टवाळ | गुरुवार, सकाळी ८:१०

आजोबांना दंडवत _/\_

नभा | गुरुवार, सकाळी ११:२०

नालेवरून भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या नावावर खपवला जाणारा किस्सा. दारावर नाल बघून पाहुण्याने विचारलं, तुम्ही यावर विश्वास ठेवता? तर म्हणाले, छे, पण विश्वास नसला तरी ती काम करते असं ऐकलंय. बोर स्वतः हा किस्सा दुसऱ्याच कुणाबद्दल सांगायचा म्हणे. विनोदही नालेसारखेच, ज्याच्या दारात टांगाल त्याचे.

डॉ_उनाड | गुरुवार, रात्री १०:०५

इथे जरा गंभीर होतो. लोखंडाचा एक 'उपाय' मला महिन्यातून एकदा तरी भेटतो. कुणाला फिट आली की लोक त्याच्या मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबतात.

शिकत असताना एकदा बसमध्ये माझ्यासमोरच घडलं. विशीतला मुलगा, सीटवरून खाली पडला, हातपाय आखडले. चार लोकांनी त्याचे हात दाबून धरले, पाचव्याने त्याची मूठ उघडून त्यात चाव्या दाबल्या, इतक्या जोरात की तळव्याला रक्त आलं. 'लोखंड द्या, लोखंड द्या' असा गलका. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतो, ओरडून सांगायची हिंमत झाली नाही. दीड-दोन मिनिटांत झटके थांबले. चाव्यावाल्याच्या चेहऱ्यावर जो विजय होता तो मी विसरलेलो नाही. बहुतेक झटके तेवढ्याच वेळात आपोआप थांबतात. चाव्या दिल्या तरी, नाही दिल्या तरी.

करायचं ते इतकंच: आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. हातात, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ दुसरा झटका आला तर ताबडतोब रुग्णालय.

आणि @जागरण, धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. गंजक्या खिळ्याच्या खोल जखमेत त्यांना हवं तसं वातावरण मिळतं, म्हणून गंजाचं नाव बदनाम. तरीही अडकित्ता बाळापासून लांब. गादीखाली टणक वस्तू नकोच, मग ती कुठल्याही धातूची असो.

वाचनवेडी | गुरुवार, रात्री १०:४०

डॉक्टर, चाव्यांवरून आठवलं. सतराव्या शतकात युरोपात एक मलम होतं, ते जखमेला नाही, जखम करणाऱ्या तलवारीला लावायचे. सुशिक्षित लोक त्याच्या बाजूने ग्रंथ लिहीत होते. इंग्लंडमध्ये तर खेड्यापाड्यांत फार नंतरपर्यंत पायात खिळा गेला की तो खिळा पुसून, तेल लावून जपून ठेवायचे, म्हणजे जखम चिघळत नाही.

डॉ_उनाड | गुरुवार, रात्री १०:५२

आणि ते मलम खरंच 'चालायचं'! कारण तलवारीला मलम लावणारा जखम नुसती स्वच्छ करून बांधून ठेवायचा. त्या काळची जखमेवर लावायची औषधं बघता, ती तलवारीला लावलेलीच बरी.

धातुपुराण | शुक्रवार, सकाळी ९:००

फिनलंडमध्ये याहून सुंदर तोड आहे. लोखंडाने जखम झाली तर रक्त थांबवायला मांत्रिक लोखंडाला त्याच्या जन्माची गोष्ट म्हणून दाखवायचे. तू मोठा कुणी नव्हतास, दलदलीत लोळत होतास, दूध होतास, कुमारिकांच्या स्तनांतून जमिनीवर सांडलेलं. काळ्या दुधाचं मऊ लोखंड झालं, पांढऱ्याचं पोलाद, तांबड्याचं ठिसूळ लोखंड. लोहाराने पाणी द्यायच्या वेळी मधमाशीला मध आणायला सांगितलं, पण गांधीलमाशीने ऐकलं आणि मधाऐवजी विष आणून टाकलं. म्हणून तू भावाला कापायला लागलास. थोडक्यात, लोखंडाला लाजवायचं.

माझ्या धंद्याच्या दृष्टीने यातलं बरंच खरं आहे. फिनलंडचं लोखंड खरोखर दलदलीतून आणि तळ्यांच्या तळातून काढायचे. आणि पाणी देताना काय पाण्यात पडतं यावर पातं बिघडतं, हे कुठलाही लोहार सांगेल. फक्त गांधीलमाशीवर ढकलायची सोय आम्हाला नाही.

गोधडी | शुक्रवार, सकाळी ९:४०

लोखंडाला लाजवायचं! किती छान. माझी आई ठेच लागली की दगडाला चापट मारायची आणि आम्ही रडायचे थांबायचो.

रानवारा | शुक्रवार, दुपारी २:१५

खिळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. आपल्याकडे भूत उतरवून झाडाला खिळा ठोकून 'बांधतात' असे खिळ्यांनी भरलेले जुने वृक्ष मी पाहिलेत. पायवाट तिथे आपोआप वळसा घेते.

पण खिळा ठोकण्याचा अर्थ सगळीकडे कैद असाच नाही. व्हिएन्नात भर चौकात झाडाचं एक खोड उभं आहे, खिळ्यांनी इतकं भरलेलं की लाकूड दिसत नाही. त्याचा उल्लेख १५३३ पासून सापडतो. आणि काँगोमध्ये लाकडी मूर्ती असतात, त्यांच्या अंगात शेकडो खिळे. संग्रहालयात बघून लोक 'काळी जादू' म्हणून शहारतात. मुळात त्यातला खिळा बऱ्याचदा करार असतो. दोन माणसांनी शब्द दिला, तंटा मिटवला की एक खिळा ठोकायचा. शब्द मोडला तर मूर्ती बघून घेईल.

नायजेरियाच्या योरुबांचा ओगुन तर लोखंडाचाच देव. त्याचे भक्त लोखंडाच्या तुकड्यावर शपथ घेतात. लोहार, शिकारी आणि आता गाडीचे ड्रायव्हरही त्याचेच.

टवाळ | शुक्रवार, दुपारी २:३०

ड्रायव्हर! बरोबर आहे, गाडी म्हणजे दीड टन लोखंड. आमच्या गाडीत भूत शिरणं शक्य नाही. तरी ती मध्येच बंद पडते, त्याचं काय?

धातुपुराण | शुक्रवार, दुपारी ४:१०

दिल्लीच्या लोहस्तंभाशिवाय हा धागा पुरा होणार नाही. सात मीटर उंच, सहा टनांहून जड, सोळाशे वर्षांचा आणि गंजत नाही. स्तंभाला पाठ लावून हात मागे नेऊन मिठी पुरी झाली की इच्छा पूर्ण होते असं मानायचे. हजारो पाठी घासून तेवढा पट्टा चकचकीत झाला, शेवटी १९९७ मध्ये भोवती कुंपण घातलं. त्याच्या न गंजण्यात चमत्कार नाही, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर एक घट्ट पापुद्रा धरतो आणि पुढचं गंजणं अडतं. (गंमत म्हणजे आजच्या पोलादात फॉस्फरस नको म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो.)

लोककथा मात्र फॉस्फरसहून सरस. हा खिळा थेट वासुकीच्या मस्तकात रुतलाय, तो आहे तोवर राज्य अढळ, असं ब्राह्मणाने सांगितलं. अनंगपाल तोमराला पटेना, त्याने उपटून बघितला. खालचं टोक रक्ताने माखलेलं! परत ठोकला, पण मग तो काही पहिल्यासारखा बसला नाही. किल्ली ढिल्ली राहिली, म्हणून गावाचं नाव दिल्ली.

शंकेखोर | शुक्रवार, दुपारी ४:३५

माझे पूर्वज अनंगपालच असणार. उपटून बघणारे.

माझ्याकडूनही एक, उपटून बघणाऱ्यांच्या बाजूने. लसूण चोळला की लोहचुंबकाची शक्ती जाते, असं ग्रीक लेखक प्लुटार्कच्या काळापासून दीड हजार वर्षं पंडित एकमेकांचं वाचून लिहीत होते. इटलीतल्या देल्ला पोर्ता नावाच्या विद्वानाने १५८९ मध्ये सांगितलं की मी चुंबकाला लसूण चोळून बघितला, काही होत नाही. एवढी सोपी गोष्ट. दीड हजार वर्षं पंडितांच्या स्वयंपाकघरात लसूण होताच की.

नभा | शुक्रवार, सायंकाळी ७:००

चुंबकाच्या डोंगराची गोष्ट राहिली! जहाज जवळ गेलं की सगळे खिळे सुटून डोंगराकडे उडतात आणि फळ्या पाण्यात. अरबी खलाशांची वाटते, पण आपल्याकडे भोजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू'तही बजावलंय, की समुद्रावरच्या जहाजाच्या तळाच्या फळ्या लोखंडाने जोडू नका, चुंबकाचे खडक ओढतील. फळ्या काथ्याने शिवायची पद्धत अरबी समुद्रावर होतीच. मला वाटतं पद्धत आधी आणि डोंगर नंतर आला असावा.

वाचनवेडी | शनिवार, रात्री ११:५५

@जागरण, तुमच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. बाळ झोपलं असेल तर वाचा.

स्कॉटलंडमधला रॉबर्ट कर्क नावाचा पाद्री. पऱ्यांना लोखंडाची भीती वाटते म्हणून बाळंतिणीच्या अंथरुणात लोखंड ठेवतात, हे त्याने १६९१च्या सुमारास लिहून ठेवलं. आणि १६९२ मध्ये पऱ्यांच्या टेकडीवर फिरायला गेला असता कोसळला आणि वारला. गावाने मानलं की मेला नाही, पऱ्यांनी नेला. त्यांची गुपितं लिहिली म्हणून. त्याची बायको तेव्हा गरोदर होती.

मग तो एका नातलगाला दिसला आणि म्हणाला, माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी येईन. मी दिसलो की माझ्या चुलतभावाने हातातला सुरा माझ्या डोक्यावरून पलीकडे फेकावा, म्हणजे मी सुटेन. बाप्तिस्मा झाला. पाहुणे जमलेले. तो खरोखर दारात येऊन उभा राहिला. आणि चुलतभाऊ सुरा हातात धरून नुसता बघतच राहिला. कर्क दुसऱ्या दारातून निघून गेला.

सगळ्या जगाचं लोखंड पऱ्यांना हाकलायला, आणि ह्याला लोखंड हवं होतं घरी यायला.

गोधडी | रविवार, सकाळी ७:१०

काय गोष्ट सांगितलीत. रात्री झोप नाही.

टवाळ | रविवार, सकाळी ९:००

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (इथे विनोद होता. नंतर नको वाटला.)

जागरण | पुढचा गुरुवार, पहाटे २:५०

उशीर झाला, पोरीला पोटदुखी होती. सगळं वाचलं, काही दोनदा. कर्कची गोष्ट बायकोलाही वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री मी अडकित्ता दिवाणाखाली ठेवला तर तिने सरकवून भिंतीकडे केला, काढून टाकला नाही.

आईला शेवटी विचारलं. म्हटलं, तुझा खरंच विश्वास आहे का? आधी उडवून लावलं. मग दुपटी घडी करता करता सांगितलं. माझ्या जन्माच्या वेळी आजीने हाच अडकित्ता तिच्याबरोबर पाठवला होता. नर्सबाईंनी उशीखालून काढून घेतला आणि जाताना न्या म्हणून टेबलाच्या खणात ठेवला. मी अपुऱ्या दिवसांचा, दुसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत. आई म्हणाली, 'रात्रभर डोळा लागेना. तू तिकडे, अडकित्ता खणात, खणाला कुलूप. मग पहाटे हात बाजूला पडला तर गार लागलं. अरे, अख्खी खाटच लोखंडाची! तुझी पेटीपण लोखंडाच्या गाड्यावर होती, मी नेताना बघितली होती. मग झोपले.'

@खिळेठोक, तुम्ही सांगितल्याप्रमाणे शिडी लावून नाल नीट पाहिली. खरी आहे. एका बाजूने झिजलेली, भोकं चौकोनी, खाचेत माती. पण सात भोकांपैकी एकातच खिळा उरलाय, तोही मधल्या. दार आपटलं की ती फिरते. काल बाबा बाहेर गेले तेव्हा टोकं खाली होती, बायको कपडे वाळत घालून आत आली तेव्हा आडवी, आणि आत्ता बघून आलो तर वर.

खिळेठोक | पुढचा गुरुवार, सकाळी ७:३०

दुसरा खिळा मारू नका.